मावशीच्या मेसवर प्रोजेक्ट करतोय, पण प्लॅन, स्टॅट्स आणि पायथन एकमेकांशी बोलतच नाहीत

मेसचा_भाचा

नमस्कार मंडळी. मी बीबीए-सीए, दुसरं वर्ष. (सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. आजीला अजून वाटतं की मी चार्टर्ड अकाउंटंट होतोय आणि ती लग्नाकार्यात तसंच सांगत सुटते. असो.)

या सेमिस्टरच्या प्रोजेक्टची अट अशी: एखादा छोटा धंदा घ्या, त्याचा बिझनेस प्लॅन करा, त्यात बेसिक स्टॅटिस्टिक्स वापरा आणि निदान एक चालणारा प्रोग्रॅम दाखवा. तिघांचा ग्रुप. वर्गातल्या बाकीच्यांनी मनातले कॅफे आणि मनातले टी-शर्ट ब्रँड काढले. माझ्या मावशीची नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर मेस आहे. आम्ही म्हटलं, आपल्याकडे खरी वही आहे, आपण राजे.

ज्यांनी मेसमध्ये कधी जेवण केलं नाही त्यांच्यासाठी: ६४ मेंबर, बहुतेक सगळे स्पर्धा परीक्षावाले. दोन वेळचे महिन्याला ३,२०० रुपये, आगाऊ. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा धरला जातो, न सांगता गायब झालात तर तुमचं तुम्ही बघा. आणि न सांगता गायब होणारेच जास्त.

मावशी रोज रात्री वहीत दुपारच्या जेवणाचे चार रकाने भरते: किती पोळ्या केल्या, किती उरल्या, कमी पडल्या म्हणून शेजारच्या पोळीभाजी केंद्रातून किती मागवल्या आणि भाजी कोणती होती. ऑगस्ट ते डिसेंबरची वही मी एक्सेलमध्ये उतरवली. पोळ्या रोज २२०. का २२०? तर काका होते तेव्हा ८० मेंबर होते, तेव्हापासून २२०. उरलेल्यांची रात्री फोडणीची पोळी होते, त्यातूनही उरलं तर एक गृहस्थ गाईसाठी घेऊन जातात.

आम्ही काम असं वाटून घेतलं: एकाने प्लॅन लिहिला. नेटवरचा साचा, ३८ पानं, स्वॉट, व्हिजन, मिशन, दर वर्षी २० टक्के वाढ धरून पाच वर्षांचं प्रोजेक्शन. दुसऱ्याने स्टॅट्स केलं: रोज लागलेल्या पोळ्यांची सरासरी १५६, मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) १७९, बहुलक ०, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) ६६, आणि भाज्यांचा एक पाय चार्ट. मी यूट्यूबवर बघून पायथनमध्ये रँडम फॉरेस्ट चालवलं, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज करणारं मॉडेल. आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९७ आला. मी त्या दिवशी स्वतःला मस्तानी पाजली.

गाइड मॅडमनी पंधरा मिनिटं चाळलं आणि म्हणाल्या, "तीन प्रोजेक्ट एका स्पायरलमध्ये बांधून आणलेत. याचं मावशीने उद्या सकाळी काय करायचं?" उत्तर आलं नाही. दहा दिवस दिलेत.

तर प्रश्न: हे तिन्ही एकत्र कसं बसवायचं? आणि ०.९७ एवढा चांगला आकडा असूनही त्या खूश का नाहीत?


भूमकर_चौकात_अडकलेला

भावा, ट्रॅफिकमध्ये आहे, तुटक लिहितो.

०.९७ बघूनच दचकलो. रोज लागलेल्या पोळ्या कशा काढल्यास? केलेल्या वजा उरलेल्या अधिक मागवलेल्या, बरोबर? आणि मॉडेलला खुराक म्हणून कोणते रकाने दिलेस? उरलेल्या आणि मागवलेल्या हेच ना? म्हणजे उत्तरपत्रिका हातात देऊन पेपर लिहायला बसवलंयस. तो ०.९७ कसला, त्याला १ का नाही आला हे विचार.

स्वतःला एकच प्रश्न विचार: मावशी आकडा कधी ठरवते? सकाळी कणीक मळताना. त्या क्षणाला तिला जे माहीत नाही ते मॉडेललाही माहीत नको. 'उरलेल्या' दुपारी तीनला कळतात. काढून टाक.

दुसरं. टेस्ट सेट, म्हणजे तपासायला बाजूला ठेवलेले दिवस, रँडम तोडला असशील. तसं नको. ऑगस्ट ते नोव्हेंबरवर शिकव, डिसेंबरवर तपास. उद्याची वही वाचून कालचा अंदाज करायचा नसतो.

तिसरं. मॉडेलच्या आधी दोन बावळट अंदाज कर: 'काल होत्या तेवढ्याच' आणि 'याच वाराची गेल्या चार आठवड्यांची सरासरी'. रोज सरासरी किती पोळ्यांनी चुकतो ते मोज. रँडम फॉरेस्टला या दोघांना हरवता आलं तरच त्याला रिपोर्टमध्ये जागा.

तारखा तपास. मावशी ५/८ लिहीत असेल तर पांडाज (पायथनमध्ये तक्ते वाचायची लायब्ररी) ती अमेरिकन पद्धतीने ८ मे म्हणून वाचेल. वाचताना 'डेफर्स्ट' ट्रू कर. आणि वहीतले आकडे देवनागरीत असतील तर टाइप करताना बदलत बसू नकोस, पायथनचं 'इंट' ५ आणि ७ थेट वाचतं. मला नोकरी लागून सहा वर्षं झाली तेव्हा कळलं हे.

सिग्नल सुटला.


मेसचा_भाचा

दादा, घरी येऊन तेच केलं. ०.९७ चा ०.११ झाला. मस्तानीचे पैसे वाया.

तारखांचंही खरं निघालं. आमचा ५ ऑगस्ट मे महिन्यात जाऊन बसला होता. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांचे वार जवळपास सगळे चुकले होते, म्हणून 'वार' हा रकाना काही उपयोगाचा नाही असं मी रिपोर्टमध्ये ठामपणे लिहिलं होतं.


निवृत्त_मास्तर

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. स्वतः शिकलो ते पुणे विद्यापीठाच्या त्या विभागात, जो हुजूरबाजार सरांनी १९५३ साली उभा केला. तेव्हा आकडेमोड फॅसिट मशीनचं हँडल फिरवून व्हायची, त्यामुळे आकडा मिळाला की आधी त्याच्याकडे नीट पाहायची सवय लागली. हँडल पुन्हा फिरवायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

तुझ्या मित्राचे आकडे पाहा. बहुलक शून्य! ज्या मेसमध्ये पाच महिने रोज माणसं जेवतात तिथे सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या शून्य कशी? तिघांपैकी एकालाही शंका आली नाही? सरासरी १५६ आणि मध्यक १७९ यांत एवढं अंतर पडतं तेव्हा कुणीतरी सरासरीला एका बाजूने ओढत असतं. माझा कयास असा की रविवारी फीस्टला पुऱ्या असतात, मावशी पोळ्यांच्या रकान्यात आडवी रेघ मारते आणि तुम्ही रेघेचं शून्य केलंत. रेघ म्हणजे 'लागू नाही'. शून्य म्हणजे 'पोळ्या होत्या, कुणी खाल्ल्या नाहीत'. रविवार वगळलास तर सरासरी १८२ च्या आसपास येईल आणि ते ६६ चं विचलन तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

आता मुद्द्याचं. तुम्ही 'किती पोळ्या लागतील' याचा अंदाज करताय. मावशीचा प्रश्न वेगळा आहे: 'किती कराव्यात?' हे दोन प्रश्न एक नाहीत, आणि तुमचा बिझनेस प्लॅन व तुमचं संख्याशास्त्र नेमकं या फटीत एकमेकांना भेटतं. मला दोन गोष्टी कळव. एक, घरच्या एका पोळीला खर्च किती आणि केंद्राची पोळी कितीला. दोन, शेवटच्या बारा मंगळवारी लागलेल्या पोळ्या, सणवार सोडून, चढत्या क्रमाने.


मेसचा_भाचा

सर, रविवारचं शंभर टक्के बरोबर. मावशीला फोन केला तर म्हणाली, "रेघ म्हणजे रेघ, त्यात काय विचारायचं?"

घरची पोळी पीठ, तेल, गॅस धरून साधारण ४ रुपये. केंद्राची १२. मंगळवार: १६८, १७२, १७५, १७८, १८१, १८४, १८६, १९०, १९३, १९७, २०४, २१२.


निवृत्त_मास्तर

छान. आता पाहा.

एक पोळी जास्त झाली तर ४ रुपये गेले. (फोडणीच्या पोळीचं मोल तूर्त बाजूला ठेवू.) एक कमी पडली तर १२ ला आणावी लागते, म्हणजे घरच्यापेक्षा ८ रुपये जादा. कमी पडणं हे उरण्याच्या दुप्पट महाग. मग सरासरीइतक्या पोळ्या करणं बरोबर कसं होईल? सरासरी दोन्ही चुकांना एकाच तराजूत तोलते.

नियम सोपा आहे. कमी पडण्याचा तोटा भागिले दोन्ही तोट्यांची बेरीज, म्हणजे ८ भागिले १२, दोन तृतीयांश. तीनपैकी दोन दिवस पुरतील इतक्या पोळ्या करायच्या. तुझ्या बारा मंगळवारांत खालून आठवा आकडा धर: १९०. ना घंटेच्या आकाराचा वक्र, ना तक्ता. चढता क्रम लावून आठपर्यंत मोजता आलं की झालं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण उरलेला पेपर दुसऱ्या दिवशी रद्दी होतो. पोळीचंही तसंच.

पडताळा मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर केला. बारा मंगळवारी रोज २२० केल्या तर ४०० उरतात, तोटा १,६०० रुपये. सरासरीप्रमाणे १८७ केल्या तर ६५ उरतात, ६१ कमी पडतात, तोटा ७४८. १९० केल्या तर ८६ उरतात, ४६ कमी पडतात, तोटा ७१२. तू हाच पडताळा प्रोग्रॅमने कर: १६० पासून २३० पर्यंत प्रत्येक आकडा घेऊन तोटा काढ आणि आलेख काढ. तो दरीसारखा दिसेल. हाच तुझा 'चालणारा प्रोग्रॅम', आणि याच्या प्रत्येक ओळीचा अर्थ तुला तोंडी परीक्षेत सांगता येईल.

बारा निरीक्षणं थोडी वाटतील. गॉसेट नावाचा गृहस्थ डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. बार्ली आणि हॉप्सचे चार-सहाच नमुने हातात असायचे आणि त्यावरून धंद्याचा निर्णय घ्यायचा असायचा. त्यातून १९०८ साली लहान नमुन्यांवरचा तो प्रसिद्ध निबंध आला, 'स्टुडंट' या टोपणनावाने. तुम्ही ज्याला टी-टेस्ट म्हणता ती कारखान्यातून कॉलेजात आली, उलट नव्हे.


पोळीभाजी_काकू

मी कर्वेनगरला अकरा वर्षं पोळीभाजी केंद्र चालवते. लेकीने हा धागा दाखवला. सरांचं गणित पटलं, पण बाळा, दोन-तीन गोष्टी तुमच्या कुणाच्याच डोक्यात आलेल्या दिसत नाहीत.

पहिली. ज्या दिवशी उरल्या शून्य आणि मागवल्याही शून्य, त्या दिवशी काय झालं? बरोब्बर २२० च लागल्या? असं कधी होत नाही. पोळ्या संपल्या, केंद्र बंद असेल, पोरांनी भात वाढून घेतला आणि निघून गेली. त्या दिवशी २५० सुद्धा गेल्या असत्या. वहीत २२० दिसतात, पोटातली भूक दिसत नाही.

दुसरी. तुमच्या अडतीस पानांत मावशीचा पगार कुठे आहे? पहाटे पाचला उठते, रात्री अकराला वही लिहिते. दोन बायकांचे पगार लिहिले असतील, तिचा लिहिला नसेल. माझा पण नव्हता. आमच्या सीए साहेबांनी (खऱ्या सीए, तुझ्यासारख्या नाही) विचारलं, "ताई, तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी येणारी बाई फुकट करेल का?" तेव्हा डोळे उघडले.

तिसरी. दर वर्षी वीस टक्के वाढ! ६४ चे पाचव्या वर्षाअखेर किती होतात केलास हिशोब? आणि ते बसणार कुठे? वाड्याच्या तळमजल्यावर टेबलं किती?

आणि नफातोटा वेगळा, हातातला पैसा वेगळा. मेंबरचे पैसे एक तारखेला येतात, भाजीवाला रोज लागतो, एकोणीस किलोचं सिलिंडर संपलं की त्याच दिवशी रोख. गणपतीत आणि दिवाळीत पोरं गावाला, भाडं मात्र पेठेतच. महिन्याच्या सरासरीने धंदा चालला असता तर माझ्या अंगावर आणखी दोन पाटल्या असत्या.


मेसचा_भाचा

काकू, हात जोडले.

टेबलं पाच, एका वेळी वीस जण. १५९ मेंबर येतात पाचव्या वर्षाअखेर. प्लॅन लिहिणाऱ्या मित्राला विचारलं तर म्हणतो साच्यात तसंच होतं.

मावशीचा पगार नव्हता. आता हिशोब असा लागला: भाडं १८,०००, दोन मदतनीस २२,०००, लाइट-पाणी वगैरे ४,०००, एकूण ४४,०००. एका मेंबरमागे किराणा, भाजी, दूध, गॅस २,१००. म्हणजे एका मेंबरचे १,१०० रुपये वर राहतात. ४४,००० ला ११०० ने भागलं तर ४० मेंबरांवर मेसचा खर्च निघतो. आम्ही हेच लिहून '२४ मेंबर सुरक्षित अंतर' असं मोठ्या टायपात छापलं होतं. मावशीचे १५,००० धरले तर खर्च ५९,००० आणि ५४ मेंबर लागतात. सुरक्षित अंतर २४ वरून १० वर आलं. महिन्याचा नफा २६,४०० चा ११,४०० झाला.

मावशीला सांगितलं तर म्हणाली, "पंधरा हजार? मला?" आणि हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

आणि तसे 'उरल्या शून्य, मागवल्या शून्य' दिवस पाच निघाले. त्यांचं काय करू?


निवृत्त_मास्तर

काकूंनी जे सांगितलं त्यावर आम्ही एक पूर्ण प्रकरण शिकवतो, आणि इतकं स्वच्छ कधी शिकवलं नाही.

ते पाच दिवस टाकू नकोस. टाकलेस तर नेमके सर्वांत जास्त मागणीचे दिवस जातील. '२२० किंवा अधिक' असं लिही आणि क्रमवारीत शेवटी बसव. सरासरी काढायला ते नडतात, कारण खरा आकडाच माहीत नाही. पण आठवा आकडा शोधताना बाराव्या जागेवर २२० आहे की २६०, याने काय फरक पडतो? क्रमाने काम करण्याचा हा फायदा रिपोर्टमध्ये जरूर लिही.


अभ्यासिका_खुर्ची_१७

मी मेंबर लोकांच्या बाजूने बोलतो. तीन वर्षं पेठेत आहे, चार मेस बदलल्या.

तुमच्या कोणत्याच मॉडेलमध्ये भाजी नाही. अरे, वहीत चौथा रकाना आहे तो काय पाय चार्ट काढायला? बटाट्याचा रस्सा असला की मी सहा पोळ्या खातो. तोंडली असली की दोन खाऊन उठतो आणि बाहेर जाऊन मिसळ मारतो. दुपारी बाराला ग्रुपवर कुणीतरी भाजीचा फोटो टाकतो, त्यावर अर्ध्या जणांचं यायचं की नाही ठरतं. एकादशीला खिचडी खायला पळणारे वेगळे.

पूर्वपरीक्षा जवळ आली की अभ्यासिकेतून कुणी हलत नाही, डबे जातात. निकालाच्या दिवशी तर विचारूच नका, कुणाला जेवण जात नाही आणि कुणी पार्टीला गेलेला असतो.

आणि कुणीतरी म्हणेल की व्हॉट्सॲपवर पोल घ्या. आमच्या मेसने घेतला होता. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी उत्तरं दिली, तिसऱ्या आठवड्यात फक्त मी आणि मेसवाल्यांचा मुलगा.

एक विनंती. रिपोर्टमध्ये मेंबरांची नावं टाकू नका. कोण किती दिवस पैसे थकवतो, कोण किती खातो, हे स्पायरल करून कॉलेजच्या कपाटात जायची वस्तू नाही.


भूमकर_चौकात_अडकलेला

खुर्ची १७ ला अनुमोदन. नावं काढून टाक, नुसत्या दिवसाच्या बेरजा ठेव.

भाजीचा रकाना घे, पण वीस भाज्यांचे वीस गट करू नकोस. पाच महिन्यांत तोंडली किती वेळा झाली असतील, सहा? सहा वेळच्या तोंडल्यावर मॉडेल बांधलंस तर ते तोंडली पाठ करेल. पोरं पोळ्या जास्त खातात त्या भाज्या, कमी खातात त्या आणि बाकीच्या, असे तीन गट कर. गट मावशीला पाडायला सांग, तू नको. तू उत्तर बघून गट पाडशील.

प्लॅनबद्दल: ते ३८ पानांचं वर्ड डॉक्युमेंट फेकून दे. एक शीट कर. वर सहा-सात गृहीतकं: मेंबर, दर, एका मेंबरमागचा खर्च, भाडं, पगार, एका वाराला किती पोळ्या. खाली सगळं सूत्रांनी. मेंबर ६४ चे ५५ केले की नफा आपोआप बदलला पाहिजे. तुमच्या सध्याच्या प्लॅनमध्ये ६४ हा आकडा किती ठिकाणी हाताने टाइप केलाय ते मोज.

गंमत म्हणजे स्प्रेडशीट असंच जन्माला आलं. डॅन ब्रिकलिन १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलला शिकत होता. फळ्यावर आर्थिक तक्ता, एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. त्याला वाटलं, हे आपोआप व्हायला हवं. बॉब फ्रँकस्टनने कोड लिहिला आणि १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं. म्हणजे ते तुझ्यासारख्याच एका पोराचं कॉलेजचं डोकेफोडीचं काम होतं. फक्त त्याच्याकडे मावशी नव्हती.


मेसचा_भाचा

मंडळी, परवा सबमिशन आहे, तोवरचा वृत्तांत.

डिसेंबरवर तपासलं. 'काल होत्या तेवढ्याच' दिवसाला १७ पोळ्यांनी चुकतं. रँडम फॉरेस्ट, चोरीचे रकाने काढल्यावर, १९ नी. वाराची सरासरी १३ नी. वार आणि मावशीचे भाजीचे तीन गट मिळून ११. हे अकराचं सूत्र दोन ओळींचं आहे आणि मावशी ते तोंडी करू शकते: वाराचा आकडा घ्यायचा, पहिल्या गटाची भाजी असेल तर १५ वाढवायच्या, तिसऱ्या गटाची असेल तर १५ कमी. रँडम फॉरेस्ट एका परिच्छेदात उरलंय, 'आम्ही काय चुकलो' या मथळ्याखाली. ३८ पानांची १४ झाली. सरांची ती दरी काढली, खरंच दरीसारखी दिसते, तळ १९० ते १९३ वर.

मग आम्ही तिघं मावशीकडे गेलो. मंगळवारी १९० कर म्हटलं, बारापैकी आठ दिवस पुरतील, चार दिवस थोड्या केंद्रातून आणायच्या, तरी स्वस्त पडतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही. पानावर बसलेल्या पोराला थांब रे, पोळी आणायला माणूस पाठवलाय, असं मी चार मंगळवारी सांगणार नाही. दोनशे करीन."

मित्र म्हणाला झालं, गेलं मॉडेल. मला मात्र सरांचं सूत्र उलटं चालवून बघावंसं वाटलं. २०० केल्या तर बारापैकी दहा मंगळवार पुरतात. दहा भागिले बारा हे गुणोत्तर यायचं असेल आणि उरलेली पोळी ४ रुपयांचीच असेल, तर कमी पडलेली पोळी तिच्या लेखी ८ रुपयांची नाही, २० रुपयांची आहे. आठ रुपये केंद्राचे. उरलेले बारा त्या पोराला थांबवण्याचे.

हे तिला दाखवलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "वीस? बरोबर आहे. मेंबर तुटला तर तेवढ्यात भागत नाही, पण रोजचं म्हणशील तर बरोबर आहे."

८ रुपयांच्या हिशोबाने बारा मंगळवारी २०० चा तोटा ८३२, १९० चा ७१२. म्हणजे हा मान ठेवायला मंगळवारी १० रुपये जातात. आणि जुन्या २२० पेक्षा तरी मंगळवारी ६४ रुपये वाचतात. बाकीचे वार धरून महिन्याला अंदाजे पंधराशे-सोळाशे. ११,४०० च्या नफ्यात ते दिसतात.

सर, हा २० चा आकडा प्लॅनमध्ये कुठे टाकू? स्टॅट्सच्या भागात की 'ग्राहकसेवा' या मथळ्याखाली?


निवृत्त_मास्तर

गृहीतकांच्या यादीत, सर्वांत वर. समोर लिही: 'स्रोत: मावशी'.


पोळीभाजी_काकू

आणि पंधरा हजार कमी आहेत. अठरा धर.


मेसचा_भाचा

धरले, काकू. आता ५७ मेंबर लागतात.

खुर्ची १७, तुझी मेस कोणती रे? मागच्या आठवड्यात बटाट्याच्या रस्स्याला सहा पोळ्या खाणारा एक जण आमच्याकडे नवीन आलाय.


अभ्यासिका_खुर्ची_१७

तोंडली कधी असते ते आधी सांग.